सात नंबरच्या अंड्याचं अधिकृत निधन

मी आई झालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, अविवाहित होतो आणि पुरुष होतो. तिन्ही गोष्टी मी अर्जात प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या. पण गृहउबवणी योजनेच्या अर्जात 'मातेचे नाव' हा रकाना रिकामा सोडला की पुढचं पान उघडत नव्हतं. तेव्हा मी लिहिलं, ऋतुराज बाबासाहेब चौगुले. दुसऱ्या दिवशी उबवणी कक्षाकडून अभिनंदनाचा संदेश आला आणि माझ्या कंपनीनं मला नियमाप्रमाणे उबवण रजा मंजूर केली. आमच्या मॅनेजरबाई फोनवर म्हणाल्या, "काळजी घे. जड काही उचलू नकोस." त्यांचा मी आजही आभारी आहे. एवढ्या मायेनं त्या माझ्याशी आधी कधी बोलल्या नव्हत्या.

साल २०४१. तीन वर्षांपूर्वी 'निळा तुरा' नावाचा रोग आला होता. कोंबडीचा तुरा निळा पडायचा, ती एका जागी बसून काहीतरी आठवत असल्यासारखी बघत राहायची आणि तिसऱ्या दिवशी मरायची. ह्या विषाणूला गर्दी आवडायची. जिथं पन्नास हजार अंडी एका छपराखाली उबत होती तिथलं तो आठवड्यात छप्पर सोडून सगळं न्यायचा. म्हणून मोठी उबवणी केंद्रं बंद झाली आणि सरकारनं ते काम घराघरांत वाटून दिलं. एका घरात जास्तीत जास्त तेरा अंडी, एका पेटीत, एका जबाबदार मातेच्या नावावर. पेटीचं नाव 'उबारा'.

आमच्या गडहिंग्लज तालुक्यात मात्र वाटायला अंडीच उरली नव्हती. एकूण एक कोंबडी गेली होती. एक सोडून.

तिचं नाव तलाठी. आमच्या समोरच्या जैतुनचाची मुजावरांची ही काळी कोंबडी. हवी तेव्हा जागेवर सापडत नाही म्हणून चाचींनी तिचं हे नाव ठेवलं होतं. तलाठीचाही तुरा निळा पडला. तीन दिवस ती पाण्याच्या बंबामागं बसून राहिली. चौथ्या दिवशी उठली, अंग झाडलं आणि ज्वारी मागितली. तिचं रक्त तपासायला पुण्याहून माणसं आली. त्यांनी सांगितलं की विषाणू ज्या कडीला धरून पेशीत शिरतो ती कडी हिच्या पेशींवर सैल आहे, म्हणून तो टिकत नाही, आणि हा गुण पिल्लांत उतरेल. तलाठीनं, गावातल्या शेवटच्या कोंबड्याच्या कृपेनं, तेरा अंडी दिली. नंतर तिला मुंगसानं नेलं. पुण्याच्या माणसांनी शोकसंदेश पाठवला. त्यात मुंगसाचा उल्लेख 'स्थानिक घटक' असा होता.

आता नियम असा की तालुक्यातून अंडं बाहेर न्यायचं नाही आणि बाहेरची कोंबडी आत आणायची नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते ह्या तेरा अंड्यांतून. त्यातून निदान एक तरी मादी निघायला हवी होती. नुसते कोंबडे कितीही निघाले तरी उपयोग नव्हता, कारण अंडं अजूनही कोंबडीच घालते. ह्या बाबतीत विज्ञान पुढं गेलेलं नाही.

चाची स्वतःच ती उबवणार होत्या. पण स्टुलावरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दीड महिना अंथरुणातून हलायचं नाही असा हुकूम झाला. मुलगा शारजात. सून रोज व्हिडिओवर काळजी करायची आणि प्रत्यक्ष काळजी घ्यायला सकाळ-संध्याकाळ एक सिस्टर यायच्या. चाचींनी मला बोलावून घेतलं.

"ऋतू, तुझी आई माझ्याशी बोलत नाही ते जाऊ दे. तू बोलतोस ना?"

"बोलतो की."

"मग ही तेरा तुझ्याकडं ठेव. तुझ्याकडं वीज टिकते, ते इंटरनेट का काय ते आहे, आणि काम तर तुला काही नाहीच."

"चाची, मला नोकरी आहे. घरून करतो."

"तेच म्हणते मी."

आई आणि चाचींचं भांडण अकरा वर्षांचं होतं. तलाठीची कुणी पूर्वज कोंबडी रोज आमच्या घरात येऊन धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर अंडं घालायची. आईचं म्हणणं, अंडं ज्याच्या घरात घातलं त्याचं. चाचींचं म्हणणं, कोंबडी ज्याची त्याचं. प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीपुढं गेलं. समितीनं दोन्ही बाजू ऐकल्या, पुरावा तपासायला मागवला आणि कांदा-मिरची घालून तळून खाल्ला. निकाल कधी लागलाच नाही.

त्यामुळं मी अंड्यांची टोपली घेऊन घरात शिरलो तेव्हा आई दारातच उभी होती.

"तिची अंडी? माझ्या घरात?"

"आई, कागदोपत्री ती माझी आहेत. तू आजी झालीस."

आईनं माझ्याकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं. "मी त्यांना बोटसुद्धा लावणार नाही," ती म्हणाली आणि टोपली नीट मांडता यावी म्हणून टेबलावरचं सगळं सामान उचलून ठेवलं.

उबारा पेटी दिसायला मिठाईच्या दुकानातल्या काचेच्या कपाटासारखी. आत तेरा खण. उष्णता साडेसदतीस अंश, हवेत पुरेसा ओलावा, आणि दर दोन तासांनी पेटी अंडी हळूच कलती करायची, म्हणजे आतला जीव एका बाजूला चिकटून बसत नाही. कोंबडी हे सगळं चोचीनं आणि पोटानं करते, आणि तिला प्लग लागत नाही. पण पेटीला एक गोष्ट यायची जी कोंबडीला येत नाही. ती अंड्यातल्या हृदयाचे ठोके मोजायची, कवचाला न शिवता.

ते असं. हृदय धडकतं तेव्हा त्यातून बारीकशी वीज वाहते, आणि वीज वाहिली की भोवती चुंबकत्व तयार होतं. अंड्यातल्या हृदयाचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कोटीव्या हिश्श्याहूनही कमी. ते पकडायला प्रत्येक खणाखाली हिऱ्याचा एक कण बसवलेला होता. तोही खोटीचा. कार्बनच्या जाळीतून एक अणू गायब, आणि शेजारी नायट्रोजनचा एक अणू येऊन ठाण मांडून बसलेला. अशा खोटीच्या हिऱ्यावर हिरवा प्रकाश टाकला तर तो लाल चमकतो, आणि आसपासचं चुंबकत्व जरा जरी बदललं तरी ती चमक बदलते. निर्दोष हिऱ्याला हे जमत नाही. लहानपणापासून मला घरीदारी जे काही ऐकावं लागलं त्यानंतर ही माहिती वाचून मला फार बरं वाटलं.

ठोक्यांच्या लयीवरून पेटी सांगायची की अंडं जिवंत आहे का, कधी फुटणार आणि आत नर आहे की मादी.

सातव्या दिवशी मी अंडी एकेक करून टॉर्चवर धरली. चार आरपार पिवळी दिसली, म्हणजे त्यांत जीव धरलाच नव्हता. दोनमध्ये रक्ताचं कडं दिसलं. थोडं वाढून जीव गेला की शिरा मागं सरून असं कडं उरतं. अकरा नंबरला केसाएवढी चीर होती. चाचींनी फोनवरून सांगितलं तसं मी त्यावर मेणबत्तीचा एक थेंब सोडला आणि ते तगलं. चौदाव्या दिवशी तीन नंबरला वास यायला लागला. नासकं अंडं पेटीत फुटलं तर बाकीच्यांचंही वाटोळं होतं, म्हणून ते मी श्वास रोखून परसात नेऊन पुरलं. आई खिडकीतून म्हणाली, "अजून खोल." तिला त्या अंड्यांत अजिबात रस नव्हता.

राहिली सहा. पेटीनं पडद्यावर यादी दाखवली. नर, नर, नर, नर, नर. आणि सात नंबर, मादी.

मी चाचींना सांगायला गेलो. त्यांनी बोटांवर नर मोजले. मग म्हणाल्या, "तलाठीनं एकच दिली बघ. तिचं सगळं काम असंच. शेवटच्या दिवशी, आणि एकच प्रत."

अठराव्या दिवशी पेटी बंद करायची असते. त्या दिवसापासून अंडी कलती करायची नाहीत, दार उघडायचं नाही. दार उघडलं की ओलावा जातो, आतला पातळ पडदा वाळून पिल्लाला प्लॅस्टिकसारखा आवळतो आणि ते तसंच गुदमरतं. मी खणांत तागाची जाळी अंथरली, अंडी आडवी ठेवली, पेटीत ओतायला पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो, परत येऊन पाणी भरलं आणि दार लावलं. पेटीनं कुलूप घातलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं, दूर गडगडत होतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी बाराला पेटी बोलली. तिला बाईचा, बातम्या देणारा आवाज दिलेला होता.

"कळवण्यास दुःख होते की सात नंबरचे निधन झाले आहे. चोवीस तास हृदयाचे ठोके शून्य. सहा तासांच्या आत मृत अंडे काढून घ्यावे. अन्यथा इतरांच्या सुरक्षिततेसाठी पेटी निर्जंतुक करण्यात येईल."

निर्जंतुक करणे म्हणजे सत्तर अंश. बाकीच्या पाचांसकट. इतरांच्या सुरक्षिततेसाठी.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. स्वयंपाकघरातून आई आली. "काय म्हणाली ती?"

"सात नंबर गेलं."

"गेलं म्हणजे?"

"मेलं, आई."

आई खुर्चीवर बसली. बोट न लावणाऱ्या माणसाच्या मानानं ती फारच जोरात बसली.

दार एकदाच आणि चाळीस सेकंदच उघडणार होतं. मी हात घातला, सात नंबर उचललं. ते कोमट होतं. त्याखालच्या जाळीत काहीतरी काळं दिसलं म्हणून तेही उचललं. दार लागलं. सात नंबरच्या खणातला दिवा विझला आणि खणावर झाकण सरकलं. माझ्या एका हातात अंडं होतं आणि दुसऱ्या हातात बोटाएवढा लांब, गंजका लोखंडी खिळा.

मी आईकडं पाहिलं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"आई."

"ढग गडगडत होते," आई म्हणाली.

"आई!"

"गडगडाटानं अंडी नासतात. खुडूक कोंबडी बसवली की टोपलीत लोखंड घालतात. सगळ्या जगाला माहितीये. तुझ्या पेटीला माहिती नसलं तर मी काय करू?"

"तू म्हणालीस बोट लावणार नाही."

"बोट नाहीच लावलं. खिळा लावला."

पेटी बनवणाऱ्या शास्त्रज्ञांनी वीज जाईल, मुंग्या शिरतील, मांजर वर बसेल, असं सगळं धरून चाललं होतं. कुणी आत खिळा ठेवील हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आमच्याकडचे नव्हते. खिळ्याचं चुंबकत्व त्या इवल्या हृदयाच्या मानानं डोंगराएवढं, त्यापुढं खोटीच्या हिऱ्याला ठोके कुठून ऐकू येणार. पाणी ओतायला मी गेलो तेवढ्यात आईनं डाव साधला होता. अठरा दिवस ती संधीच बघत होती, कारण त्याआधी अंडी कलती व्हायची आणि खिळा खडखडला असता.

मी उबवणी कक्षाला फोन लावला. तिथंही तोच आवाज होता. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"अहो, ते जिवंत असू शकतं. खाली खिळा होता. ते परत आत ठेवायचंय."

"मृत अंडे परत ठेवता येत नाही. मृत्यूचा दाखला आपल्याला पाठवण्यात आला आहे. आपण आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

अंडं हातात निवत चाललं होतं. जिवंत असेल असं मी म्हणालो खरा, पण खिळा होता म्हणून ते जिवंतच असेल असंही नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. मी तसाच उभा राहिलो. आईनं माझ्या हातातून अंडं काढून घेतलं, पदरात गुंडाळून पोटाशी धरलं, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून चाचींच्या घरात शिरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी मागून धावलो.

चाची पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. आईला दारात बघून त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"भाभी," आई म्हणाली, "मी खिळा ठेवला. पेटी म्हणती अंडं मेलं. तू बघ."

असं एका दमात अकरा वर्षांचं मौन संपलं. चाचींनी विचारलं, "केवढा खिळा?"

आईनं बोट दाखवलं.

"एवढुसा? मी तर विळा ठेवते. पोराला सांगायचं राहूनच गेलं माझ्याकडून. तरी जिवाला घोर लागला होता, लोखंड नाही म्हणून." मग माझ्याकडं वळून, "उभा काय राहिलास? पातेल्यात पाणी आण. कोमट. कोपर बुडवून बघ, चटका लागला नाही पाहिजे."

मी पाणी आणलं. चाचींनी अंडं हलकेच सोडलं. ते तरंगलं, जाड बाजू वर करून. आम्ही तिघं वाकून बघू लागलो. पाणी थांबलं. अंडं थांबलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना ऐकू येत होता.

"नाही हलत," मी म्हणालो.

"तू नको हलूस. पलंग हलतोय."

मी श्वास धरला. आणि मग कुणी लांबून ओळख दाखवावी तशी अंड्यानं मान हलवली. एकदा. थोडं थांबून पुन्हा.

आईनं माझा दंड इतका जोरात धरला की चार दिवस वळ राहिले. चाचींनी अंडं उचलून पुसलं आणि कानाशी धरलं, मग आईच्या, मग माझ्या. आत कुणीतरी नखानं पुठ्ठा खरवडत होतं. चाचींनी घशातून 'कुक्क, कुक्क' केलं. खरवडणं थांबलं. ते ऐकत होतं.

अंड्यातल्या पिल्लाला शेवटच्या आठवड्यात ऐकू यायला लागतं. कोंबडी अंड्यांवर बसल्या बसल्या बोलत असते ती उगाच नाही. आवाज आतपर्यंत जातो, आणि बाहेर आल्यावर पिल्लू त्याच आवाजामागं धावतं. एका टोपलीतली अंडी एकमेकांच्या टकटकीवरूनसुद्धा बाहेर पडायची वेळ जुळवतात. हे मी वाचलं होतं. चाचींनी वाचलेलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं.

"आवाज निमुळत्या बाजूनं येतोय," चाची पुटपुटल्या. "उलटं बसलंय की काय कोण जाणे." पण त्यावर तेव्हा बोलायला वेळ नव्हता, कारण मोठा प्रश्न वेगळाच होता. पेटीनं बाहेर काढलेलं हे अंडं दोन दिवस उबवायचं कुणी?

"मला डॉक्टरांनी हलायचं नाही सांगितलंय," चाची म्हणाल्या. "गोधडीखाली पडून राहायचं, खायचं, पाणी प्यायचं. कोंबडीला तरी वेगळं काय सांगतात?"

त्यांनी अंडं काखेजवळ घेतलं आणि गोधडी ओढली.

पुढचे तीन दिवस जैतुनबी मुजावर, वय सहासष्ट, खुब्यात स्टीलचा सांधा, अंड्यावर बसल्या. मी थर्मामीटर आणून दिला. माणसाची काख पेटीपेक्षा अंशभर थंड पडते म्हणून पलीकडून गरम पाण्याची पिशवी, आणि ओलाव्यासाठी गोधडीखाली ओला पंचा. सिस्टर सकाळी आल्या, गोधडी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि ब्लडप्रेशर न मोजताच लिहून गेल्या. आईनं आपलं अंथरूण तिथंच आणलं. चाचींना कूस बदलता येत नव्हती, तेव्हा खायला घालणं, पाणी पाजणं, तासातासानं अंडं फिरवू नकोस असं चाचींना बजावणं ही कामं आईकडं होती. आणि दोघी बोलत होत्या. बोलत म्हणजे भांडत होत्या. पिशवी फार गरम आहे. नाही, गार आहे. आमटीत चिंच जास्त झाली. चिंच नाही, कोकम आहे. कोकम असलं तर आणखीनच जास्त झालं. अकरा वर्षांचं तुंबलेलं बोलणं होतं ते, ते भांडण म्हणूनच बाहेर यायला बघत होतं. मी आमच्या घरात पाच अंड्यांपाशी बसून रस्त्यापलीकडचा तो आवाज ऐकायचो. आमच्या घरात एवढी गजबज नव्हती. खिडकी मी उघडीच ठेवली होती.

एकविसाव्या दिवशी पाचही कोंबडे पेटीत बाहेर आले. पेटीनं सनई वाजवली. मेणाचा ठिपका असलेला अकरा नंबर सगळ्यांत आधी निघाला आणि लगेच दुसऱ्यांच्या अंगावर चढून बसला. सात नंबर मात्र गप्प होतं.

बाविसाव्या दिवशी सकाळी आईची हाक आली. "ऋत्या, ये! टोचलंय!"

अंड्याला तारेएवढी चीर पडली होती. पण निमुळत्या बाजूला. चाचींचं म्हणणं खरं निघालं. पिल्लाचं डोकं उलट्या टोकाला होतं. अंड्यात हवेची पोकळी असते ती जाड बाजूला. पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालून श्वास घेतं आणि मग कवच फोडतं. उलट्या पिल्लाला तो पहिला श्वासच मिळत नाही, गोल फिरून कवच कापायलाही जागा पुरत नाही. बहुतेक अशी पिल्लं दाराशी येऊन मरतात. सात नंबर पेटीत असतं तर तेही मेलंच असतं, कारण आत हात घालायला पेटी देत नाही. त्या गंजक्या खिळ्याचा मी आभारी आहे तो ह्यासाठी.

"काढ की सोलून," आई म्हणाली.

"अजिबात नाही," चाची म्हणाल्या. "आतल्या पडद्यात अजून रक्त खेळतंय. घाई केली तर रक्त जाऊन मरेल. नुसतं नाकाला वारं लागेल एवढंच करायचं. आणि माझा हात थरथरतो. ह्या पोराला करू दे."

आईनं भुवया कोरायचा चिमटा उकळून आणला. मी खिडकीपाशी बसलो आणि चिरेजवळचं कवच मुगाच्या दाण्याएवढं उचललं. मग आणखी एका दाण्याएवढं. पांढऱ्या पडद्याखाली चोचीचं टोक दिसलं. ते उघडमीट करत होतं. मी पडदा जरासा ताणला आणि लाल थेंब आला.

"थांब," चाची म्हणाल्या.

मी थांबलो. ओलं फडकं त्यावर टेकवलं. रक्त थांबलं. चोच मोकळी होती. चाचींनी अंडं ओंजळीत घेतलं. आता वाट बघायची.

तास गेला. दोन तास गेले. तिघंही काही बोललो नाही. आईनं केलेला चहा तिघांनी गार करून प्यायला. चोचीची उघडमीट आधी सावकाश झाली, मग अधूनमधून, मग मला ती दिसेना. चाचींनी 'कुक्क, कुक्क' केलं. काही नाही. पुन्हा केलं. आईनं तोंडाला पदर लावला.

मी आयुष्यात फारसं काही शोधून काढलेलं नाही, पण त्या क्षणी मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचवून दिल्याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते मला अजून कळलेलं नाही. ह्या पिल्लानं ऐकायच्या दिवसांत कोंबडीचा आवाज ऐकलाच किती? त्याच्या कानावर तीन दिवस सलग पडलं होतं ते दुसरंच काहीतरी. आणि गेले दोन तास ते बंद होतं.

"भांडा," मी म्हणालो.

"काय?"

"तुम्ही दोघी. भांडायला लागा. त्याला वाटतंय बाहेर कुणी नाही."

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग एकमेकींकडं.

"कशावरून?" आई म्हणाली. "आता काय भांडायचं? भाभी, तुझं काही आहे का?"

"माझं काही नाही, सारिका. तू किती केलंस माझं. तुझंच काही असलं तर बोल."

"नाही गं. माझं काय असणार?"

अशी वेळ. तालुक्यातली शेवटची कोंबडी दाराशी गुदमरत होती आणि दोन बायका एकमेकींशी गोड वागत होत्या. मी हात जोडले. "आई, काहीही. चहावरून बोल. सुनेवरून बोल. काहीही."

आईनं डोळे पुसले, इकडंतिकडं पाहिलं, आणि कसंबसं म्हणाली, "त्या... त्या उशीचा अभ्रा. असा कुणी घालतं का? शिवण बाहेर काढून?"

"माझी शिवण बाहेर?" चाची म्हणाल्या. "हा अभ्रा काल तूच घातलास."

"मी घातला? मी उजव्या हातानं घालते, हा डाव्या हातानं घातलेला आहे."

"अगं, अभ्र्याला हात कळतो का? शारजाहून पाठवलेला चांगला अभ्रा, तू त्याला आमटीच्या हातानं—"

"आमटीचं नाव काढू नकोस भाभी, कोकम होतं म्हणून दहादा सांगितलं—"

"कोकम काळं असतं!"

"आमचं लाल असतं!"

चाचींच्या ओंजळीत अंडं हललं. मी दोन्ही हात खाली धरले. दोघींचा आवाज चढत गेला, कोकमावरून मिरचीवर, मिरचीवरून लसणावर, तिथून कुठल्याशा लग्नात कोण कुणाशी आधी बोललं नाही ह्यावर. आतून टक् झालं. मग आणखी एक. चीर पुढं सरकली, वळली, थांबली. चाची आईला बोट दाखवण्यासाठी एक हात उचलत होत्या तेव्हा मी अंडं हळूच माझ्या हातात घेतलं. त्यांना ते कळलंही नाही. निमुळतं टोक टोपीसारखं उचललं गेलं, आत काहीतरी ओलं, काळं ताणलं, पुन्हा ताणलं, आणि माझ्या तळहातावर कोसळलं.

ते एवढंसं होतं. पिसं चिकटलेली, मान पेलत नव्हती, एक पाय अजून कवचात. त्याला जन्मून साडेतीन मिनिटं झाली होती आणि कागदोपत्री मरून तीन दिवस. त्यानं एक डोळा उघडला. पलंगावर आई सांगत होती की तिच्या माहेरी कोकम तीनदा उन्हात घालतात, आणि चाची म्हणत होत्या की तिथंच तर चुकतं. पिल्लानं थरथरत मान वर केली, आवाजाच्या दिशेनं वळवली आणि 'चिव' केलं. कुणी ऐकलं नाही.

त्यांना सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. मग दुसरा हात वरून धरला, आत ऊब राहील असा, आणि तोंड मिटलं. पिल्लू आणि मी ऐकत बसलो.